अनोळखी पुरुष, वय अंदाजे अठ्ठेचाळीस

त्यांना सगळे सावकाशसर म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते बिचारं महिन्यातून एकदाच वापरात यायचं. हे टोपणनाव कोणी ठेवलं याबद्दल हॉस्पिटलात दोन तट होते. अँब्युलन्सचे ड्रायव्हर म्हणत आम्ही, मोठ्या सिस्टर म्हणत मी. मोठ्या सिस्टर या कॅज्युअल्टीच्या मुख्य परिचारिका. त्यांच्याशी वाद घालायची ड्रायव्हर मंडळींची छाती नव्हती, त्यामुळे निकाल कधीच सिस्टरच्या बाजूने लागून गेला होता.

कॅज्युअल्टीत माणूस येतो तो धावतच येतो. कुणाचं बोट तुटलेलं, कुणाच्या छातीत कळ, कुणाच्या पोराने नाकात खोडरबर घातलेलं. आणि समोर हे उंच, किंचित वाकलेले, चष्म्यातून बघणारे डॉक्टर फक्त म्हणत, “सावकाश.” एवढ्यावर निम्मं काम व्हायचं. एकदा एक गृहस्थ सासूबाईंना खांद्यावर टाकून धावत आत आले आणि सरांचं “सावकाश” ऐकून इतके निवले, की सासूबाईंना खाली ठेवायचंच विसरले.

माणूस शिस्तीचा, आणि नियम करायची हौस दांडगी. पहिला नियम केसपेपरचा. पूर्वी एकदा घाईगर्दीत कुणाचं तरी रक्त नावनंबराशिवाय तपासायला गेलं आणि त्याचा रिपोर्ट दोन दिवस मालक शोधत हिंडला. तेव्हापासून सरांनी फतवा काढला, की केसपेपर निघाल्याशिवाय इथे कापसाचा बोळाही हलणार नाही. पेशंट बेशुद्ध असेल, नाव माहीत नसेल, तर ‘अनोळखी पुरुष’ नाहीतर ‘अनोळखी स्त्री’ लिहा, वय अंदाजे लिहा, पण लिहा. आणि लिहाल ते खरं लिहा.

दुसरा नियम ड्युटी बदलतानाचा. सकाळच्या डॉक्टरने दुपारच्या डॉक्टरला प्रत्येक खाटेशी उभं राहून पाच गोष्टी सांगायच्या. पेशंट कोण, त्याला काय झालं, आपण काय केलं, काय करायचं राहिलं, आणि भीती कशाची. ही पाचवी गोष्ट सरांची स्वतःची भर. “पेशंट ठीक आहे असं मला सांगू नका,” ते नव्या डॉक्टरांना म्हणत. “तुम्हाला त्याच्याबद्दल कशाची भीती वाटते ते सांगा. मी त्यासाठीच इथे उभा आहे.”

तर असे हे सर गेले तीन महिने आतून पार ढेपाळले होते, आणि याचा कुणाला पत्ता नव्हता. त्यांना स्वतःलाही अर्धवटच होता.

एखादं ठसठशीत कारण असतं तर सांगायला तरी बरं पडलं असतं. तसं काही नव्हतं. दोन डॉक्टर नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. आठ ते दोनची ड्युटी सात वाजेपर्यंत ताणायला लागली. एका आठवड्यात चार पेशंट हातातून गेले, त्यात एक कॉलेजातला मुलगा होता. त्याच्या वडिलांनी सरांचे हात हातात घेऊन “तुम्ही खूप केलंत” म्हणून आभार मानले. शिव्या दिल्या असत्या तर सरांनी पचवल्या असत्या. आभार मात्र पचेनात.

मग झोप उडाली. दुकानाच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या माणसाच्या मानेवरची शीर किती वेगाने उडते आहे ते बघत बसायची सवय लागली. छातीत धडधड सुरू झाली. आणि संध्याकाळी घराच्या फाटकाबाहेर गाडी उभी केली, की उतरवेना. पट्टा लावलेला तसाच, हात चाकावर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. दहा मिनिटांनी ते आपोआप थांबायचं. मग रुमालाने चष्मा पुसून सर वर जात. बायको दार उघडून विचारायची, “कसा गेला दिवस?” आणि सर सांगायचे, “छान.”

आता हा माणूस डॉक्टर, तेव्हा त्याने स्वतःवर उपचार केले नसते तरच नवल. धडधडीवर त्यांनी पित्ताच्या गोळ्या घेतल्या. डोळ्यांच्या पाण्यावर ॲलर्जीचे थेंब घातले आणि गाडीचे सीटकव्हर धुवायला दिले. झोपेसाठी उशी बदलली. हीच तक्रार घेऊन दुसरा कुणी आला असता तर सरांनी अडीच मिनिटांत निदान करून त्याला दुसऱ्या मजल्यावर, मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तशा शेदोनशे चिठ्ठ्या त्यांनी वर पाठवल्या होत्या. स्वतःला पाठवायचं त्यांना सुचलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सुचलं होतं, आणि सुचताच त्यांनी तो विचार झटकून टाकला होता. पूर्वी एका डॉक्टरांचं डोकं असंच थकलं तेव्हा त्यांना फिटनेस सर्टिफिकेटं देण्याच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. शिक्का मारायचा, सही करायची, पुढचा. सरांना कॅज्युअल्टीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि ती गेली तर आपलं उरतं काय, हा प्रश्न त्यांना उशी बदलूनही झोपू देत नव्हता.

त्या मंगळवारी साडेअकरा वाजता धडधड अशी काही उठली, की डाव्या हाताला मुंग्या आल्या. सर भिंतीला धरून ईसीजीच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. खोली कसली, खाट आणि मशीन मावेल एवढा कोनाडा. इथे त्यांचाच नियम त्यांना आडवा आला. केसपेपरचा नंबर घातल्याशिवाय मशीन सुरूच होत नसे, तशी व्यवस्था त्यांनीच भांडून करून घेतली होती. आपल्या नावाचा केसपेपर काढला तर अर्ध्या तासात तो हॉस्पिटलभर झाला असता. सरांनी क्षणभर विचार केला आणि कॉम्प्युटरवर टाइप केलं, ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४८.’ अंदाज अगदी बरोबर होता.

स्वतःच स्वतःचा ईसीजी काढणं ही कसरत कुणी हौसेने करू नये. सरांनी शर्ट उघडून छातीवर तारा चिकटवल्या, आडवं होऊन हात लांबवला, बटण दोन बोटं लांब राहिलं. शेवटी पायाच्या अंगठ्याने दाबलं. कागद बाहेर आला. हृदय ठणठणीत होतं, फक्त मिनिटाला एकशे अठरा ठोके टाकत होतं.

मरत नाही हे कळल्यावर एरवी माणूस उठून कामाला लागतो. पण सरांच्या मांडीवर छापून निघालेला केसपेपर होता, हातात पेन होतं आणि समोर रिकाम्या ओळी होत्या. रिकामा केसपेपर त्यांना बघवत नसे. त्यांनी लिहायला सुरुवात केली.

‘छातीत धडधड, तीन महिने. झोप तीन तास. भूक कमी. रोज घरी पोचल्यावर गाडीत सुमारे दहा मिनिटं रडतो. कारण सांगू शकत नाही. घरी कुणालाही माहीत नाही. झोपावं आणि उठूच नये असं वाटतं का? हो, आठवड्यातून एकदोनदा. तसं काही करण्याचा विचार? नाही. चिडचिड? नाही. सगळ्यांना सावकाश म्हणतो.’

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. बाकीचं राहू दिलं, कारण ते खरं होतं. तीन महिन्यांत बायकोला न सांगितलेलं, आरशालाही न सांगितलेलं सगळं त्यांनी तिथे स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद लिहून काढलं. मोकळं वाटलं की काय ते तपासायला वेळ मिळाला नाही. बाहेर एकच गलका झाला. कुठेशी बांधकामाची परांची कोसळली होती आणि तीन मजूर आले होते. सरांनी तारा उपटल्या, त्याबरोबर छातीवरचे केसही उपटले, शर्टाची बटणं हाताला लागतील तशी लावली आणि ते पळाले. केसपेपर मशीनवरच राहिला.

तो सापडला छोट्या मॅडमना. छोट्या मॅडम म्हणजे कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांत नव्या डॉक्टर, येऊन जेमतेम पाच महिने झालेल्या. साडेबाराला त्या एका आजोबांना ईसीजीसाठी घेऊन गेल्या आणि कागद वाचून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उठूच नये असं वाटतं म्हणणाऱ्या पेशंटला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, हाही सरांचाच नियम. आणि इथे कागद होता, ईसीजी होता, खाटेवरची चादर चुरगळलेली होती. फक्त पेशंट नव्हता.

सर तेव्हा एका मजुराच्या कपाळाला टाके घालत होते. मोठ्या सिस्टर केसपेपर घेऊन त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

“सर, हे अक्षर तुमचं. हा पेशंट कुठाय?”

सरांनी कागदाकडे पाहिलं. सुई जागच्या जागी थांबली. इथे एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं. पण मजूर बघत होता, वॉर्डबॉय मामा बघत होता, छोट्या मॅडम बघत होत्या, आणि सरांच्या तोंडून निघालं, “गेला असेल.”

“गेला असेल?” मोठ्या सिस्टरनी चष्मा कपाळावर चढवला. “असं लिहून देणारा माणूस गेला आणि तुम्ही म्हणता, गेला असेल? तुम्ही?”

“म्हणजे, जवळपासच असेल,” सर म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मग शोधाशोध सुरू झाली. हरवलेला पेशंट कसा शोधायचा याचाही कागद भिंतीवर होता, खाली सही कुणाची ते सांगायला नको. त्या कागदाप्रमाणे शोधाचा प्रमुख हजर असलेला सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर. अशा रीतीने सरांवर स्वतःला शोधून काढायची जबाबदारी येऊन पडली. हॉस्पिटलचा वॉचमन वही घेऊन हजर झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गेट उघडण्याखेरीज काही काम मिळालं होतं आणि तो ते मनापासून करणार होता.

“उंची, साहेब?”

“माझ्याएवढी धरा.”

“कपडे?”

सरांनी खाली पाहिलं. “आकाशी शर्ट.”

“चष्मा?”

“आहे.”

“केस?”

“विरळ होत चाललेत.”

“टक्कल लिहू?”

“विरळ लिहा,” सर जरा जोरात म्हणाले.

वॉचमनने विरळ लिहिलं, वही मिटली आणि पंधरा मिनिटांत दोन अनोळखी पुरुष पकडून आणले. एक औषध कंपनीचा विक्रेता होता, बॅग सावरत आलेला. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याचा शर्ट आकाशी नव्हता पण धुऊन धुऊन झाला होता. मोठ्या सिस्टरनी खात्री करून घ्यायची म्हणून दोघांनाही केसपेपरवरचेच प्रश्न विचारले. झोप लागते का? विक्रेता म्हणाला, “महिनाअखेरीला झोप कसली लागतेय, मॅडम.” भूक? “जेवतो कुठे मी, डॉक्टरांच्या दारात उभा असतो.” रडू येतं का? यावर विक्रेत्याने बॅग खाली ठेवली आणि खिशातून रुमाल काढला. लिफ्टवाल्याने हात पँटला पुसले. तो म्हणाला, “मला लिफ्टमध्ये येतं. दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून घेतो.”

मोठ्या सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला आणि दोघांसाठी चहा सांगितला. बाकावर दोघे शेजारी शेजारी बसले. आपण शोधला जाणारा पेशंट नाही हे त्यांना सांगण्यात आलं, पण उठायची घाई दोघांनाही दिसेना.

इकडे सरांची अवस्था वाईट. प्रत्येक जण येऊन त्यांनाच सांगत होता, सर गच्ची बघितली, सर मागचं फाटक बघितलं, सर संडास बघितले, नाही कुठे. आणि सर प्रत्येकाला “बरं” म्हणत होते. सगळं हॉस्पिटल ज्या माणसासाठी जीव टाकत होतं तो माणूस मध्यभागी उभा होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता सांगावं तर एवढा वेळ का सांगितलं नाही, हे सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की शिक्क्याची खोली.

दोनला दहा मिनिटं असताना मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “दोन वाजता पोलिसांना कळवायला लागेल. छोट्या मॅडम कुठायत? त्यांचीही सही लागेल.”

छोट्या मॅडम ड्रेसिंगच्या सामानाच्या खोलीत होत्या. कापसाच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या, केसपेपर मांडीवर. सर दारातच थांबले.

“मी दोनदा त्या दारावरून गेले, सर,” त्या म्हणाल्या. “आत कुणीतरी आहे हे दिसत होतं. मी म्हटलं, सर बघतायत ना, मग आपल्याला काय काळजी. आणि तुम्हाला तर मजुरांकडे पळावंच लागलं. त्याच्याजवळ मी थांबायला हवं होतं. आता तो कुठे जाऊन काही करून बसला तर ते माझ्यामुळे.”

“तसं काही होणार नाही.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही वाचा ना, किती नीट लिहिलंय. एवढं नीट सांगणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नसेल का हो?” त्यांनी डोळे पुसले. “मलाही असंच होतं, सर. माझ्याकडे गाडी नाही म्हणून मी बाथरूममध्ये नळ सोडून बसते. मला वाटायचं, तुमच्यासारखं व्हायला जमलं की थांबेल.”

सरांना या क्षणी सावकाश म्हणता आलं असतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो शब्द उच्चारायची लाज वाटली. या पोरीला आपण पाच महिने काय शिकवलं, तर दाराआड रडायला. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाहेरून दुपारच्या डॉक्टरांचा आवाज आला. ड्युटी बदलायची, हँडओव्हरची वेळ झाली होती.

दुपारचे डॉक्टर हे एक गोल, घामाघूम, सदा भुकेले गृहस्थ. त्यांना हरवलेल्या पेशंटचं अजून माहीत नव्हतं. सगळे पहिल्या खाटेशी जमले. सरांनी तिन्ही मजुरांच्या पाच पाच गोष्टी सांगितल्या. आजोबांच्या सांगितल्या. नाकात खोडरबर घालणाऱ्या पोराच्या सांगितल्या, भीती अशी की दुसऱ्या नाकपुडीतही असेल. मग छोट्या मॅडम एक पाऊल पुढे आल्या. चेहरा पांढराफटक.

“अजून एक पेशंट आहे,” त्या म्हणाल्या. “तो माझ्याकडून...”

“तो माझा आहे,” सर म्हणाले. “त्याचा हँडओव्हर मी देणार.”

त्यांनी मॅडमच्या हातातून केसपेपर घेतला. खाट नंबर चार रिकामी होती, तिच्याशी जाऊन उभे राहिले. सवयीप्रमाणे घसा साफ केला.

“पुरुष, वय अठ्ठेचाळीस, अंदाजे नाही. व्यवसाय डॉक्टर. तीन महिने झोप नाही, छातीत धडधड, गाडीत बसून रडतो. साडेअकराला त्याने स्वतःचा ईसीजी स्वतः काढला, तो नॉर्मल आहे. केलं काय, तर पित्ताच्या गोळ्या, डोळ्यांत थेंब आणि उशी. म्हणजे काहीच नाही. राहिलंय काय, तर सगळंच. पेशंट हरवलेला नाही. तो दुपारभर तुमच्यासमोर उभा होता आणि त्याने तुम्हाला गच्चीवर पाठवलं, त्याबद्दल तो दिलगीर आहे.”

वॉचमनने वही उघडली, एकदा वहीत बघितलं, एकदा सरांच्या शर्टाकडे, एकदा सरांच्या केसांकडे, आणि वही मिटून मागे धरली.

दुपारचे डॉक्टर भाबडे होते, पण नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. त्यांनी हळूच विचारलं, “आणि भीती कशाची, सर?”

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

“भीती अशी, की हे कळल्यावर मला इथून काढतील,” ते म्हणाले. “आणि त्याहून मोठी भीती अशी, की काढणार नाहीत. उद्या सकाळी आठला परत यायला लागेल.”

छोट्या मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. आधी त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो यायलाच हवा होता, पोरीचा जीव दीड तास टांगणीला लावला होता. मग राग गेला आणि जे आलं ते सरांना बघवेना म्हणून त्यांनी मान खाली घातली.

“बटणं चुकलीत तुमची,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “बारा वाजल्यापासून बघतेय. मला वाटलं घाईत लावली असतील. एवढी वर्षं पेशंट बघतेय मी आणि मला कळू नये.” त्यांचा आवाज जरा फाटला, तो त्यांनी लगेच शिवून घेतला. “केसपेपर निघालाय. आता आडवे व्हा.”

“अहो, आडवं कशाला, मी वर जाऊन भेटतो...”

“केसपेपर निघाला म्हणजे पेशंट. पेशंट आडवा. तुमचाच कागद आहे भिंतीवर, वाचून दाखवू?”

सर आडवे झाले. छोट्या मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या बाजूला बसल्या, कारण अशा पेशंटला एकटं सोडायचं नसतं. “घरी कुणाला कळवायचं?” त्यांनी विचारलं. सर म्हणाले, कळवायची काही गरज नाही. त्या म्हणाल्या, “हे सगळेच म्हणतात,” आणि सरांचाच फोन त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर जिना उतरून स्वतः खाली आले. आले ते म्हणाले, “चिठ्ठी आणलीय का?” मग पडदा ओढून अर्धा तास बसले. त्यांनी काय विचारलं आणि सरांनी काय सांगितलं हे आपण ऐकायचं कारण नाही. पडदा सरकला तेव्हा सर दोन आठवड्यांच्या रजेसाठी घासाघीस करत होते आणि डॉक्टर सहावरून खाली यायला तयार नव्हते. शिक्क्याच्या खोलीचा विषय निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “तिथे बसवलेल्याला आम्ही उपचार दिले नव्हते, नुसताच शिक्का दिला होता. ती आमची चूक. तुम्ही बरे होऊन इथेच याल.” जाता जाता त्यांनी छोट्या मॅडमना गुरुवारी चारची वेळ दिली. बाकावरच्या विक्रेत्याने आणि लिफ्टवाल्याने त्यांचा नंबर लिहून घेतला.

तीन वाजता सरांची बायको आली. ती शाळेत गणित शिकवायची. तास अर्धवट टाकून आली होती, बाहीला खडू लागलेला. मोठ्या सिस्टरनी तिच्या हातात केसपेपर दिला आणि छोट्या मॅडमना खुणेने बाहेर बोलावलं.

तिने तो उत्तरपत्रिका तपासतात तसा वाचला, वरपासून खालपर्यंत, मग परत वरपासून. एका ओळीवर बोट ठेवून थांबली. सरांना ती ओळ कुठली ते बघायची गरज नव्हती.

“आजही वाटलं असं?”

“आज नाही,” सर म्हणाले. “आज वेळच मिळाला नाही. मला शोधत होते.”

ती हसली नाही. स्टुलावर बसली. बोट वरच्या ओळीवर गेलं.

“इथे दहा मिनिटं लिहिलंयत. बारा असतात.”

“तुला काय माहीत?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते गाडी. दिवे बंद होतात आणि तुम्ही उतरत नाही. तीन महिने रोज घड्याळ लावून बघतेय मी.” तिने कागदाची घडी घातली, परत उघडली. “मला वाटलं, तुमचं बाहेर काहीतरी आहे. फोनवर बोलत बसता.”

“माझं? बाहेर?” सर उठूनच बसले. “अगं, मला जेवायला वेळ नाही.”

“तेच तर. म्हटलं, एवढ्यातून वेळ काढतात म्हणजे बाई फारच चांगली असणार.”

यावर सरांना जे हसू फुटलं ते आवरेना, आणि हसता हसता नेहमीचं पाणी सुरू झालं, तेही आवरेना. ती उठून त्यांच्या शेजारी खाटेवर बसली. चुकलेली बटणं सोडून एकेक नीट लावत राहिली, आणि तिचेही डोळे वाहायला लागले.

“तुम्ही खाली रडत होतात आणि मी वर दातओठ खात होते,” ती म्हणाली. “वर आलात की मी विचारायची कसा गेला दिवस, आणि मनात म्हणायची, सांग आता थापा. आणि तुम्ही सांगायचात, छान.”

“मला उतरताच येत नाही गं,” सर म्हणाले. “खरंच येत नाही. पाय हलत नाहीत.”

“मग नका उतरू.” शेवटचं बटण लागलं. “मी खाली येत जाईन. पुढच्या सीटवर तुमचे बूट, फायली, काय काय पडलेलं असतं. ते तेवढं मागे टाका, मला बसायला जागा लागेल.”